इलेक्ट्रिक पिकअप की डिझेल? कोल्हापूरच्या गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्केट यार्ड, उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि आसपासच्या गावांतले मालवाहू गाडीवाले जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. हिशेबासाठी पेट्रोल १०५ रुपये, डिझेल ९१ रुपये आणि घरची वीज सगळे आकार धरून युनिटला १० रुपये असे दर धरले आहेत. तुमच्या पंपाचा आणि तुमच्या बिलाचा दर वेगळा असेल, तर तो घालून आकडेमोड पुन्हा करा. त्याला दहा मिनिटं लागतात आणि हप्ता पाच वर्षं फेडायचा असतो.

एका वाक्यात सांगा, कुठली घेऊ?

गाडीवरून नाही, रूटवरून ठरवा. रोजचं रनिंग किती, गाडी रात्री कुठे उभी राहते आणि वर्षातल्या सगळ्यात जड दिवशी तुम्ही किती वजन भरता, एवढं आधी कागदावर लिहा. रनिंग ठरलेलं आणि ८० किलोमीटरच्या आसपास असेल, रात्रीच्या मुक्कामाला मीटर असेल आणि वजन पासिंगच्या (गाडीला कागदोपत्री मंजूर असलेल्या वजनाच्या) आत असेल, तर इलेक्ट्रिक घ्या. तिन्हींतलं एकही बसत नसेल तर कुणी कितीही गळ घातली तरी घेऊ नका. एखादंच बसत नसेल, तर पुढचं वाचा.

सध्या बाजारात काय काय आहे?

आपल्याकडे 'छोटा हत्ती' म्हणून ओळखला जाणारा टाटा एस २००५ मध्ये आला. त्याचं इलेक्ट्रिक रूप, एस ईव्ही, २०२२ मध्ये आलं: २१.३ किलोवॉट-तासांची, म्हणजे तेवढ्याच युनिटांची बॅटरी, ६०० किलो वजनक्षमता. २०२४ मध्ये एक टनाचं मॉडेल आलं. जून २०२५ मध्ये एस प्रो आली, ७५० किलोची, एकच गाडी पेट्रोलमध्येही आणि इलेक्ट्रिकमध्येही. महिंद्राची झिओ ऑक्टोबर २०२४ ची, वजनक्षमता ७६५ किलोपर्यंत. त्याहून मोठी हवी असेल तर स्विचची आयईव्ही४ पावणेदोन टनांच्या जवळ जाते. बोलेरो पिकअपवाल्याने तुलना करायची तर ती या मोठ्या गाड्यांशी करावी, छोट्या हत्तीशी नाही.

कंपनी १५५ किलोमीटर म्हणते. खरं किती जाते?

तो आकडा ठरावीक चाचणीतला असतो. भरलेली गाडी, गावातले खड्डे, वर ताडपत्रीखाली उंच रचलेला माल आणि महामार्गावरचा वारा चाचणीत नसतो. दोन तृतीयांश धरा, म्हणजे साधारण १००. त्यातले शेवटचे २० टक्के अडीअडचणीसाठी राखून ठेवा. मग रोज बिनघोर चालवायला ८० किलोमीटर उरतात. डीलरने दाखवलेल्या आकड्यावर रूट बांधला, तर चौथ्या महिन्यात ड्रायव्हर गाडी घेऊन जायला नको म्हणतो, आणि मग दोष गाडीला लागतो.

एका बाबतीत मात्र इलेक्ट्रिक चाचणीपेक्षाही चांगली निघते. दाभोळकर कॉर्नरला किंवा लक्ष्मीपुरीत सकाळच्या कोंडीत उभी असताना तिची मोटर काहीच खात नाही. डिझेल तिथे नुसतं उभं राहून जळतं.

पैशाचा हिशेब नीट मांडून दाखवा.

एस प्रोचं उदाहरण सोयीचं आहे, कारण गाडी तीच, फक्त इंधन वेगळं. बाजारात आली तेव्हा पेट्रोलची शोरूम किंमत ३.९९ लाखांपासून होती आणि इलेक्ट्रिकची ६.५० लाख. फरक २ लाख ५१ हजारांचा.

भरलेली पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर गेली, तर किलोमीटरला ७ रुपये पडतात. इलेक्ट्रिकची बॅटरी १४.४ युनिटांची, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून मीटरवर साधारण साडेसोळा युनिट पडतात. त्यात १०० किलोमीटर गेली तर किलोमीटरला १ रुपया ६५ पैसे. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला ५ रुपये ३५ पैसे वाचले. किमतीतला फरक भरून यायला सुमारे ४७ हजार किलोमीटर लागतात. रोज ८० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस धंदा असेल तर दोन वर्षांच्या आतच.

पण बहुतेकांची गाडी कर्जावर असते, म्हणून महिन्याचा हिशेब जास्त खरा. फरकाच्या रकमेचा पाच वर्षांचा हप्ता ११ टक्क्यांनी साधारण ५,४५० रुपये येतो. महिन्याला २,००० किलोमीटर चालवणाऱ्याचे १०,७०० रुपये वाचतात, म्हणजे जादा हप्ता भरूनही पाच हजारांच्या वर हातात राहतात. महिन्याला १,००० किलोमीटर चालवणाऱ्याचे ५,३५० वाचतात. त्याचा हप्ता आणि बचत तोंडाला तोंड येते, वर काही उरत नाही. दिवसाला ४० किलोमीटरच्या खाली ज्यांची गाडी चालते, त्यांनी म्हणूनच घाई करू नये, मग त्यांना इलेक्ट्रिक कितीही आवडलेली असो.

ऑइल, फिल्टर, क्लच यांचा खर्च वाचतो तो वेगळा. मी तो मुद्दाम धरलेला नाही, कारण टायर आणि सस्पेन्शनचा खर्च दोन्हीकडे सारखाच येतो आणि टायरच आपल्या रस्त्यांवर जास्त पैसे खातात.

घरी सोय नाही, बाहेरच्या स्टेशनवर चार्ज केली तर?

बाहेर युनिटला २० रुपये पडले तर किलोमीटरचा खर्च दुप्पट, म्हणजे ३ रुपये ३० पैसे. पेट्रोलपेक्षा तेही स्वस्तच. पण मुद्दा वेळेचा आहे. स्टेशनवर तास-दीड तास उभा राहिलेला ड्रायव्हर तेवढ्या वेळात एक फेरी मारू शकला असता. शिवाय पुढची गाडी आधीच लागलेली असली तर तुमचा नंबर कधी लागेल ते कुणाच्या हातात नाही. अधूनमधून ठीक, पण सगळा धंदा त्यावर उभा करू नका. तीनचाकी घेत असाल तर आणखी एक बघा: त्यांतल्या बऱ्याच गाड्यांना फास्ट चार्जिंग नसतंच.

घरच्या मीटरवर चालेल का? आणि शेतीपंपाच्या लाइनवर?

घरच्या मीटरवर चालतं. छोट्या गाडीचा चार्जर साधारण ३.३ किलोवॉटचा, २१ युनिटांची बॅटरी रिकामी असेल तर सहा-सात तास लागतात. रात्री नऊला लावली की पहाटे चारला तयार. मात्र बिलावर मंजूर भार बघा. एक-दोन किलोवॉटच असेल तर महावितरणकडे भार वाढवून घ्या. १५ अँपिअरचं पॉइंट बोर्डापासून स्वतंत्र जाड वायरने ओढा, अर्थिंग तपासा, गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर बसवा. गिझरच्या पॉइंटला एक्स्टेंशन लावून अंगणात गाडी चार्ज करणारे लोक मी बघितले आहेत. सात तास सलग भार ओढणाऱ्या वायरची पिन सकाळी हात लावून बघा, चटका बसतो. घराला आग लागायची ती गाडीमुळे नाही, असल्या पिनमुळे लागेल.

शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी लावू नका. ती वीज पंपासाठी म्हणून सवलतीत मिळते. दुसऱ्या कामाला वापरली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर धरून आकारणी होते.

आम्ही गूळ भरतो. ६०० किलोत आमचं कसं भागणार?

खरा अडसर इथेच आहे आणि तो मोकळेपणाने बोलायला हवा. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, ३० किलोचा. ६०० किलो म्हणजे २० रवे. हमालाने पाठीवरून आणून हौद्यात एकावर एक रचले तर वीस रव्यांनी हौद्याचा तळसुद्धा धड भरत नाही. डोळ्याला गाडी रिकामीच वाटते, आणि मग 'अजून दहा टाक' म्हणायची सवय लागलेली असते. डिझेल गाडीत ते चालून गेलं, कारण पाटे जादाचे बसवले, इंजिन कण्हत राहिलं आणि खर्च हळूहळू निघाला.

इलेक्ट्रिकमध्ये जादा वजनाचा हिशेब त्याच दिवशी समोर येतो: स्क्रीनवर उरलेले किलोमीटर भराभर उतरतात. मोटर तर ओढते, उलट जोरात ओढते. एस ईव्हीचा टॉर्क १३० न्यूटन-मीटर आहे, जुन्या दोन सिलिंडरच्या डिझेल एसच्या दुपटीहून जास्त, आणि तो पहिल्या क्षणापासून मिळतो. मार्केट यार्डाच्या फाटकातून भरलेली गाडी ती हिसका न देता काढते. म्हणूनच ड्रायव्हरला जादा वजन जाणवत नाही, आणि ब्रेक, टायर, अ‍ॅक्सल यांना मात्र जाणवतं.

म्हणून पासिंगच्या बाहेर जाऊच नका. २०२४ चं एक टनाचं मॉडेल घेतलं तर ३३ रवे नियमात बसतात. तेवढ्याने भागत नसेल तर एका फेरीच्या दोन करा. किलोमीटरला पावणेदोन ते अडीच रुपये खर्च असताना मार्केट यार्डापासून शाहूपुरीपर्यंतची दुसरी फेरी महाग पडत नाही. दंडाचंही लक्षात असू द्या: मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत जादा वजनाला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २ हजार ठरलेले आहेत.

दुधाच्या रूटवर चालेल का?

माझ्या मते इलेक्ट्रिक गाडीला कोल्हापूर जिल्ह्यात याहून योग्य काम नाही. रूट ठरलेला, थांबे ठरलेले, वेळ ठरलेली. पहाटेचं संकलन आटोपून गाडी नऊ-दहाला मोकळी होते आणि संध्याकाळच्या संकलनापर्यंत पाच-सहा तास उभीच असते. त्या वेळात ती संस्थेच्या आवारात चार्जिंगला लावली की दोन्ही वेळा भागतं. म्हणजे ८० किलोमीटरची मर्यादा दिवसाची राहत नाही, एका वेळेची होते.

४० लिटरचा भरलेला कॅन भांड्यासकट पंचेचाळीस किलोच्या पुढे जातो. बारा कॅन म्हणजे ५५० किलो, ६०० किलोच्या गाडीत बसले. शिवाय दुधाच्या गाडीचं काम म्हणजे दर अर्ध्या-एक किलोमीटरला थांबायचं, कॅन चढवायचे, पुन्हा निघायचं. डिझेल गाडीचा क्लच असल्या रूटवर सगळ्यात लवकर जातो. इलेक्ट्रिकला क्लच नसतो आणि प्रत्येक थांब्याला वेग कमी होताना थोडी वीज बॅटरीत परत जाते. बीएस-६ डिझेलमध्ये धुराची जी गाळणी असते, तीही अशा तुटक फेऱ्यांत काजळीने भरते. संस्थेचं पत्र्याचं छप्पर असेल तर तिथे सोलर बसवून दुपारचं चार्जिंग त्यावर करता येईल का, तेही बघा; दुपारी गाडी उभी आणि दुपारीच ऊन.

फौंड्रीचा माल?

कास्टिंग आकाराने लहान आणि वजनाने भारी. शिरोलीतून उद्यमनगरात मशिनिंगला जाणारा एक क्रेट टनाच्या पुढे असेल तर छोटी इलेक्ट्रिक विसरा, मोठी तरी बघा किंवा डिझेल ठेवा. अंतर मात्र इलेक्ट्रिकला अगदी सोयीचं आहे: शिरोली, उद्यमनगर, गोकुळ शिरगाव सगळं हाकेच्या अंतरावर. ज्या कारखान्याचा स्वतःचा औद्योगिक मीटर आहे त्याने बिलावर वेळेनुसार बदलणारे दर वाचावेत आणि स्वस्त तासांत गाडी लावावी.

पन्हाळा, गगनबावडा, आंबा घाट चढेल का?

चढेल. प्रश्न चढण्याचा नसून किती वीज खाईल याचा आहे, आणि तो हिशेबाने सुटतो. पन्हाळा कोल्हापूरपेक्षा सुमारे ४०० मीटर उंच. गाडी आणि माल मिळून १,८०० किलो असतील तर एवढी उंची गाठायला नुसतीच दोन युनिटं लागतात, वाया जाणारी धरून अडीच. ही सपाट रस्त्याच्या खर्चावर जादाची. २१ युनिटांच्या बॅटरीत हे एक अष्टमांशाच्या आसपास झालं. उतरताना त्यातलं काही परत मिळतं. सगळं कधीच मिळत नाही.

कोकणात उतरणाऱ्यांनी एक गोष्ट ड्रायव्हरला नीट समजावावी. गगनबावड्यात गाडी १०० टक्के चार्ज करून करूळ घाट उतरायला लागलात तर उताराची वीज साठवायला बॅटरीत जागाच नसते. मग मोटरचा ब्रेक कमी पडतो आणि सगळा भार पायाच्या ब्रेकवर येतो, ते तापतात. घाटमाथ्यावरून ८०-८५ टक्क्यांवरच निघा. आणि परतीच्या चढाईची वीज खालीच मोजून ठेवा, कारण कोकणातून भरलेली गाडी वर आणणं हा त्या दिवसातला सगळ्यात मोठा खर्च असतो. नियमित घाट असेल आणि खाली हक्काचं चार्जिंग नसेल, तर डिझेलच बरी.

पुराचं काय? पाण्यात बॅटरी?

कोल्हापुरात हा प्रश्न आधी विचारायला हवा. बहुतेक बॅटऱ्यांना आयपी६७ दर्जा असतो. म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास आत पाणी शिरू नये अशी चाचणी झालेली असते. रस्त्यावरच्या साचलेल्या पाण्यातून जायला तेवढं पुरतं. पण पंचगंगेचं पाणी अर्ध्या तासात ओसरत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. पाण्यात उभी राहिलेली इलेक्ट्रिक गाडी चालू करू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका. उचलून वर्कशॉपला न्या.

दुसरा धोका कमी बोलला जातो. पुरात उपकेंद्रं बंद पडतात आणि वीजच नसते. डिझेलवाला कॅन भरून ठेवू शकतो, तुम्ही नाही. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी ३९ कडे सरकायला लागलं की गाडी पूर्ण चार्ज करून उंचावर नेऊन लावा. चार्जिंगचं पॉइंट बसवतानाच भिंतीवरच्या २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या वर घ्या. खालच्या गल्ल्यांत जिथे ते शक्यच नाही, तिथे पॉइंट घरी न घेता उंचावरच्या नातेवाइकाकडे किंवा गोदामात घेतलेलं बरं.

शिरोळची भाजी रात्रीत पुण्या-मुंबईला जाते. त्यासाठी?

आज नाही. पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, माल नाशवंत, पोहोचायची वेळ ठरलेली. छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांपैकी बऱ्याच जणींचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास बांधलेला असतो, तो महामार्गावर रात्री धोक्याचाही आहे. शेतातून गावच्या गोदामापर्यंत माल गोळा करायला इलेक्ट्रिक आणि पुढे मोठी डिझेल, ही विभागणी मात्र जमते.

बिघडली तर उद्यमनगरातला मिस्त्री बघेल का?

ब्रेक, टायर, पाटे, बॉडी, दिवे बघेल. बॅटरी, मोटर आणि नारिंगी वायरी त्याला उघडू देऊ नका. त्यांत जीव घेईल एवढा विजेचा दाब असतो. आपल्या मिस्त्रींच्या हाताला तोड नाही. मोडलेल्या क्रँकपासून गिअरपर्यंत सगळं त्यांनी इथेच घडवून दिलेलं आहे. पण हे काम प्रशिक्षणाशिवाय करायचं नाही. ज्या तरुण मिस्त्रीला पुढची वीस वर्षं याच धंद्यात काढायची आहेत, त्याने ते प्रशिक्षण आजच घ्यावं असं मला मनापासून वाटतं. तोवर तुम्ही गाडी घेण्याआधी कंपनीचं वर्कशॉप किती लांब आहे आणि गाडी बंद पडली तर बदली गाडी देणार का, हे विचारा.

बॅटरी किती वर्षं टिकते? विकताना किंमत येते का?

या वर्गातल्या बॅटऱ्यांवर साधारण सात वर्षांची वॉरंटी मिळते, सोबत किलोमीटरची मर्यादा असते. ज्याची मुदत आधी संपेल ते. क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून देणार, हे वॉरंटीच्या कागदात शोधा. जुन्या बाजारात मात्र इलेक्ट्रिकला अजून भाव नाही. बोलेरो पिकअप दहा वर्षं वापरून विकली तरी गिऱ्हाईक दारात येतं. तीन वर्षांत गाडी बदलणाऱ्याने हे नुकसान हिशेबात धरावं. सात-आठ वर्षं एकच गाडी वापरणाऱ्याला त्याचा फारसा फरक पडत नाही.

टोल, परमिट, कर यांत काय सवलत?

परमिट लागत नाही. केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्येच बॅटरीच्या वाहनांना त्यातून मोकळं केलं. नंबरप्लेट हिरवी, व्यावसायिक गाडीची अक्षरं पिवळी. पीयूसी नाही. थर्ड पार्टी विम्यात १५ टक्के सूट. जीएसटी ५ टक्के. डिझेल मालवाहू गाडीवर सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के आहे, आधी २८ होता, म्हणून किमतीतली दरी आता वाढलेली दिसेल. फिटनेस मात्र डिझेलसारखंच करावं लागतं.

टोलबद्दल बराच गैरसमज आहे. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणातली टोलमाफी प्रवासी गाड्यांसाठी आणि बससाठी, तीही ठरावीक रस्त्यांवर आहे. किणी नाक्यावर तुमच्या मालगाडीला टोल पडणारच. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह या अनुदान योजनेतही साडेतीन टनांच्या आतली चारचाकी मालगाडी बसत नाही. डीलर कुठलं अनुदान मिळवून देतो म्हणाला, तर ते कोटेशनमध्ये लिहून घ्या.

सीएनजी हा मधला मार्ग नाही का?

आहे. रनिंग १२०-१५० किलोमीटर असेल आणि पंप रूटवर असेल तर चांगला आहे. पंपावरची रांग आणि टाकीमुळे कमी होणारी जागा मोजून घ्या.

अमेरिकेतल्या इलेक्ट्रिक पिकअप इकडे येतील का?

रिव्हियन २०२१ मध्ये, फोर्डची एफ-१५० लायटनिंग २०२२ मध्ये आणि टेस्लाची सायबरट्रक २०२३ च्या अखेरीस तिथल्या गिऱ्हाइकांच्या हातात पडली. लायटनिंगची मोठी बॅटरी १३१ युनिटांची, आपल्या एस ईव्हीच्या सहापट. मागे जड ट्रेलर जोडला की तिचीही रेंज निम्म्यावर येते, म्हणजे वजन आणि रेंजची ओढाताण तिकडेही चुकलेली नाही. तिथल्या ठेकेदारांना आवडलेली गोष्ट वेगळीच आहे: गाडीच्या प्लगवर साइटवरची ड्रिल, कटर, वेल्डिंग चालतं. आपल्याकडे फॅब्रिकेशनवाल्यांना तशी सोय केवढ्या कामाची ठरेल. पण ती गाडी बोळात वळणार नाही आणि किमतीत तर बसणारच नाही.

टेस्ट ड्राइव्हला काय बघू?

शोरूमसमोरची रिकामी चक्कर उपयोगाची नाही. तुमचाच माल, पासिंगएवढा, वजनकाट्यावर मोजून भरा. तुमचाच ड्रायव्हर बसवा, तुमच्याच रूटवर पूर्ण दिवस चालवा. निघताना आणि परतल्यावर बॅटरीचे टक्के आणि किलोमीटर लिहा. रात्री चार्ज करताना मीटरचं रीडिंग आधी आणि नंतर घ्या. डीलर भरलेल्या गाडीची ट्रायल द्यायला तयार नसेल तर दुसरा डीलर गाठा.